पुन्हा कधी उघडणार?

अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूर, मोर्शी, चांदूर बाजार या पट्ट्यात जुनी मातीची घरं उतरवून स्लॅबची घरं उभी राहत आहेत. जुन्या घरात माळा होता, धान्याची कोठी होती, जाड भिंतीत कोनाडे आणि फडताळं होती. नव्या घरात हॉल, किचन, दोन बेडरूम. राहायला हे घर सोयीचं आहे, यात शंका नाही. पण वास्तुशांती जवळ आली की घरोघरी एकच प्रश्न पडतो : उरलेलं सामान ठेवायचं कुठं? तांब्याचे गुंड, पितळी घंगाळ, आजीच्या गोधड्या, लोखंडी पेट्या, पुण्याला गेलेल्या मुलाची पुस्तकं, बियाण्याची पोती, जमिनीचे जुने कागद आणि एखाद्या घरी कापडात बांधलेली पोथी. मग मोकळी जागा शोधली जाते आणि जिन्याखाली, गच्चीवरच्या टिनाखाली किंवा गुरांच्या कोठ्यात सगळं एकावर एक रचलं जातं.

जागा किती मोकळी आहे, हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायला हवं की ही वस्तू पुन्हा कधी उघडणार आणि कोण उघडणार. या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की जागा कोणती हवी, हे आपोआप ठरतं.

वऱ्हाडातल्या जुन्या शेतकऱ्यानं हे अचूक ओळखलं होतं. ज्वारी एकच, पण ती साठवायच्या तऱ्हा तीन. रोजच्या भाकरीची ज्वारी घरात हाताशी. वर्षभराची ज्वारी शेणामातीनं लिंपलेल्या बांबूच्या कणगीत. आणि दुष्काळासाठी राखायची ज्वारी जमिनीखाली, पेवात. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पेव खणायचं ते गावठाणाच्या उंचवट्यावर, घट्ट मातीत. आत कडब्याचं अस्तर, वर मातीनं तोंड बंद. आतली हवा संपली की किडे जगत नाहीत आणि दाणा वर्षानुवर्षं टिकतो. पण पेव एकदा फोडलं की सगळं धान्य काढावंच लागतं, थोडं काढून पुन्हा तोंड लिंपलं तर उरलेलं खराब होतं. उघडल्या उघडल्या आत उतरणंही जिवावर बेतणारं, कारण तळाशी साचलेल्या वायूनं माणूस गुदमरतो. म्हणून आधी तोंड मोकळं ठेवून हवा खेळू द्यायची, मगच आत उतरायचं. जे क्वचित उघडायचं ते हवाबंद आणि जे वारंवार उघडायचं ते हाताशी, हा नियम या मातीतूनच आलेला आहे.

आज घरातलं सामान याच नियमानं तीन गटांत वेगळं करता येतं. पहिला गट : गोधड्या, पाहुण्यांचं अंथरूण-पांघरूण, सणाची भांडी ही वर्षातून निदान एकदा निघणारी चीज. ती घरातच हवी, भिंतीला न टेकवता, जमिनीपासून वर लाकडी पाटावर. वाळवी मातीतून भिंतीच्या कडेनं चढते. मधली मोकळी जागा तिला थोपवत नाही, पण तिची मातीची वाट आपल्याला वेळेवर दिसते. गोधड्या प्लॅस्टिकच्या पिशवीत करकचून बांधू नयेत. पावसाळ्यातला ओलावा आत अडकला की बुरशी धरते. धुतलेलं सुती कापड त्यासाठी चांगलं. पितळी-तांब्याची भांडी घासून पूर्ण कोरडी करूनच बांधावीत.

शेतमालाचं गणित वेगळं. भाव येईपर्यंत कापूस खोलीत भरून ठेवायची सवय आपल्याकडे आहे. तो कापूस अंगाला खाज आणतो आणि एक ठिणगी पडली तर घर जाळतो. झोपायच्या खोलीत तो कधीच नको. धान्याला कीड लागू नये म्हणून ज्या विषारी गोळ्या टाकतात, त्यांच्याबाबत तर मी हात जोडून सांगतो : माणसं झोपतात त्या घरात त्या ठेवू नका. त्यातून निघणारा फॉस्फिन वायू दाराच्या फटीतून शेजारच्या खोलीत जातो आणि झोपेतच माणसं दगावतात. सोयाबीन, तूर, हरभरा यांना घराबाहेरची खरी जागा आहे. वखार महामंडळाची गोदामं 1957 पासून राज्यात आहेत. कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून त्याच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम 6 टक्के व्याजानं 180 दिवसांसाठी मिळते. सोयाबीन बाजारात नेण्याआधी भाव सुधारेपर्यंत थांबायचं असेल, तर बेडरूमपेक्षा हे गोदाम भलं.

दुसरा गट म्हणजे वर्षानुवर्षं न उघडणारं सामान. बदलीवर गेलेल्या मुलाचं फर्निचर, वाटणीत आलेला पलंग, बंद पडलेलं शिलाई मशीन. पुण्यात, नागपुरात यासाठी महिन्याच्या भाड्यानं खोल्या मिळतात. वर्षाच्या भाड्याची बेरीज आधी करावी. सामानाच्या किमतीपेक्षा भाडं जड होत असेल, तर ते सामान गावातल्या एखाद्या नव्या संसाराला देणं हीच त्याची उत्तम साठवण. ठेवायचंच असेल तर विमा कोणाचा, पावसात छत गळतं का, आपल्याला हवं तेव्हा आत जाता येतं का, हे लेखी घ्यावं. सामानाची यादी करून फोटो काढावेत आणि एक प्रत घरच्या दुसऱ्या माणसाकडे द्यावी.

तिसरा गट माझ्या मनात सर्वात वर आहे : कागद, छायाचित्रं, पोथ्या. या वस्तू पेवात घालून विसरायच्या नसतात. त्या टिकतात उघडत राहिल्यानं. रिद्धपूरच्या इतिहासाइतका याचा मोठा दाखला मराठीत दुसरा नाही.

महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधर गेल्यानंतर त्यांचे अनुयायी इथे त्यांचे गुरू श्रीगोविंदप्रभू यांच्या सेवेत राहिले. त्यांतल्या म्हाइंभटांनी गावोगाव फिरून, प्रत्यक्ष पाहिलेल्या-ऐकलेल्या माणसांना विचारून चक्रधरांच्या लीळा, म्हणजे त्यांच्या आयुष्यातले प्रसंग, गोळा केल्या आणि तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, शके 1200 च्या सुमारास, रिद्धपुरात वाजेश्वरीच्या देवळात लीळाचरित्र सिद्ध केलं. पुढे दिल्लीच्या फौजांच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली, असं पंथाची परंपरा सांगते. पोथी गेली, ग्रंथ गेला नाही. कारण तो एका पेटीतच नव्हता. तो लोकांच्या मुखी होता. हिराइसा यांच्यासारख्या साधकांच्या स्मरणातून लीळा पुन्हा उतरवल्या गेल्या आणि त्यातून वेगवेगळे पाठ तयार झाले. त्याच पाठांच्या आधारे वि. भि. कोलते यांनी संपादलेलं लीळाचरित्र 1978 साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं प्रसिद्ध केलं. एक प्रत हरवली तरी ग्रंथ सातशे वर्षं जगला, कारण तो कोणीतरी सतत उघडत, म्हणत, लिहीत होतं.

या साठवणीची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. पोथ्या सुरक्षित राहिल्या, पण लिपीची किल्ली मठांपुरती उरली आणि बाहेरच्या मराठी वाचकाला हे वाङ्मय शतकानुशतकं दिसलंच नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाडे, वि. ल. भावे अशा अभ्यासकांमुळे ते सर्वांसमोर आलं. कुलूप चांगलं असावं, पण किल्ली कुठे आहे हे एकाहून अधिक माणसांना माहीत असावं.

बँकेच्या लॉकरलाही हेच लागू पडतं. लॉकरमध्ये दागिने, खरेदीखत, मृत्युपत्र ठेवताना नामनिर्देशन (नॉमिनी) नोंदवलं आहे का, ते पाहा. 1 जानेवारी 2022 पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार आग, चोरी, इमारत कोसळणं किंवा बँक कर्मचाऱ्याची लबाडी यात बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंतच आहे. पूर-भूकंपासारख्या आपत्तीत तीही नाही. म्हणून मौल्यवान वस्तूंचा विमा वेगळा घ्यावा.

जुन्या कागदांना लॅमिनेशन करू नका. ते पुन्हा निघत नाही आणि कागद आतल्या आत खराब होतो. गंजणाऱ्या टाचण्या काढा. पोथी स्वच्छ सुती बासनात, दोन सपाट पाट्यांमध्ये बांधा, जवळ वेखंडाचे तुकडे ठेवा आणि पावसाळा संपला की सावलीत मोकळी करून पान न् पान पाहा. कडक ऊन शाईचा रंग उडवतं. मोबाइलवर काढलेले फोटो एका ठिकाणी नकोत. एक प्रत घरी, एक वेगळ्या साधनावर, एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे.

पंचाहत्तर वर्षांहून जुनं हस्तलिखित घरात असेल, तर त्याची माहिती अभ्यासकांपर्यंत पोहोचवा. 2003 मध्ये देशात पांडुलिपी अभियान सुरू झालं ते याच कामासाठी. आता रिद्धपुरातच मराठी भाषा विद्यापीठ उभं राहिलं आहे. पोथी कशी बांधावी, कशी उघडावी, तिचे फोटो कसे काढावेत हे गावकऱ्यांना शिकवणारा वर्ग तिथे दरवर्षी पावसाळ्यानंतर भरावा, अशी माझी मनापासून विनंती आहे. जुन्या घरांची कामं निघाली आहेत, माळे रिकामे होत आहेत, आणि भंगारवाला रोज गल्लीत येतो. तो येण्याआधी घरातल्या थोरांना शेजारी बसवून प्रत्येक गठ्ठा एकदा सोडावा. आत काय आहे, ते पुन्हा कधी उघडायचं आणि कोणी उघडायचं, हे त्या गठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावं. ज्या गठ्ठ्याला ही दोन्ही उत्तरं मिळतील तो ठेवावा, ज्याला मिळणार नाहीत तो योग्य हाती द्यावा.