मागच्या सीटला कोणी विचारतं का?

आमच्या कशेळ्यात नवी मोटारसायकल घरी आली की पहिला आठवडाभर तीनच प्रश्न येतात. केवढ्याला पडली, अ‍ॅव्हरेज किती देते आणि पिकअप कसा आहे. नाक्यावरच्या चहाच्या टपरीपासून नमाज संपवून चपला शोधणाऱ्या शेजाऱ्यापर्यंत सगळे हेच विचारतात. दोन वर्षांपूर्वी मीही या तिन्हींची उत्तरं हौसेने देत होतो. आता गाडीने दोन पावसाळे काढले, मीटर एकवीस हजारांवर गेला, आणि चौथा प्रश्न तेव्हा कोणीच विचारला नव्हता हे जाणवतं. मागे कोण बसणार?

मागे अम्मी बसते. गुडघे आणि साखर, दोन्हीसाठी महिन्यातून दोनदा कर्जतला जावं लागतं. अंतर फार नाही, पंधरा किलोमीटरच्या आतबाहेर. एसटीची वेळ डॉक्टरांच्या वेळेशी जुळत नाही, टमटममध्ये चढताना तिचा गुडघा मोडतो. म्हणून तर गाडी घेतली. व्याजाचं कर्ज नको असा अब्बांचा हट्ट होता, त्यामुळे दीड वर्ष भिशी भरून रोख पैसे जमवले. (रोख म्हटल्यावर शोरूममधल्या पोराचा चेहरा पडला. कर्जाच्या हप्त्याचा कागद त्याने तरीही दोनदा पुढे सरकवला.) पण एवढं करून गाडी निवडताना मी अम्मीला सोबत नेलंच नाही. चुलतभावाला नेलं. त्याने हँडल धरून पाहिलं, मी टाकीवर हात फिरवला, रस्त्यावर एक चक्कर मारली, पसंत पडली.

गाडी १२५ सीसीची आहे. कंपनीचं नाव घेत नाही, कारण तक्रार एका कंपनीची नाही. चालवणाऱ्यासाठी ती उत्तम आहे हे आधी सांगतो. २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ चा नियम आला आणि आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींचा कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. याचा फायदा आमच्या भागात खरा कळतो तो जुलैत. अब्बांची जुनी गाडी पावसाळ्यातल्या पहाटे चोक ओढून दहा-बारा किका मारल्याशिवाय जागी होत नसे. ही एका बटणात चालू होते. उलट बाजूही आहे. पेट्रोलचा पंप विजेवर चालतो, त्यामुळे बॅटरी पूर्ण बसली तर ढकलूनही उपयोग नाही. मागच्या श्रावणात गाडी आठ दिवस उभी राहिली तेव्हा हा धडा मिळाला. अ‍ॅव्हरेज मी टाकी काठोकाठ भरून वहीत लिहीत आलो आहे. पहिल्या सर्व्हिसनंतर ५८ होतं, आता ५४ आहे, आणि अम्मी मागे असली की त्याहून दोन कमी. तक्रार नाही. ब्रेकही चांगला. पाय दाबला की पुढचा ब्रेकही थोडा लागतो, मागे माणूस असताना उतारावर त्याचा आधार वाटतो.

हे सगळं पुढच्या सीटचं झालं. तिसऱ्या महिन्यात अम्मी कर्जतहून परत येऊन ओट्यावर बसली आणि म्हणाली, "बेटा, ये गाडी तेरी है, मेरी नै." त्यानंतर दोन वेळा ती हट्टाने टमटमने गेली. मला वाटलं वयाचं दुखणं आहे. गाडी नवी कोरी, तिच्यात दोष कुठला असणार!

दोष होता, आणि थोडा माझाही. मागची सीट पुढच्यापेक्षा वर उचललेली आणि निमुळती. दिसायला झोकदार, पण एका बाजूला पाय टाकून बसणाऱ्या बाईला तिच्यावर जेमतेम अर्धी मांडी मिळते. मागच्या टायरमध्ये हवा भरणारा आपल्या अंदाजाने ४५ पर्यंत भरत होता. गाडीच्या पुस्तकात दोघांसाठी ३६ लिहिलं होतं, आणि ते पुस्तक मी अठरा महिने प्लास्टिकमधून काढलं नव्हतं. मागचे शॉकअप कोणीतरी सगळ्यात कडक खाचेवर ठेवले होते. अशा गाडीवर खड्डा आला की पुढे मला हलका धक्का बसायचा आणि मागे अम्मी सीटवरून उडायची. मी मागे वळून विचारायचो, "ठीक आहे ना?" ती म्हणायची, "हां." आया दुसरं काय म्हणतात?

एका जुन्या मेकॅनिक चाचांनी अर्ध्या तासात शॉकअप दोन खाचा खाली आणले, हवा मोजून भरली आणि सीटवर रुंद फोम घालून घ्यायला सांगितलं. सगळा खर्च हजाराच्या आत आला. दीड वर्ष तिने जे सोसलं ते या हजारभर रुपयांसाठी.

खरी भीती मात्र वेगळीच होती. ती मला आधीच कळायला हवी होती, कारण आमच्या नात्यातली एक फूफी वीस वर्षांपूर्वी अशीच पडली आहे. ओढणी चाकात गेली, गळ्याला ओढ बसली, आणि आजही तिला मान पूर्ण वळवता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १२३ वा नियम मोटारसायकलच्या मागच्या प्रवाशाबद्दल आहे. धरायला पक्की मूठ, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागचं निम्मं चाक तरी झाकणारी जाळी, एवढं गाडीला असायलाच हवं. कायद्याला मागच्या बाईची आठवण आहे. आपल्या पोरांना नाही. नवी गाडी आली की आठ दिवसांत साडीगार्ड काढून माळ्यावर टाकतात, कारण त्याने गाडी 'अंकल'ची दिसते. मीही काढलं होतं. वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी!

नाव साडीगार्ड असलं तरी बुरख्याचा घेर, ओढणी, नऊवारीचा काष्टा, वाडीवरच्या ठाकर बाईच्या पाठीला बांधलेल्या पोराचं फडकं, चाक कशातच भेद करत नाही. जुन्या शंभर सीसीच्या गाड्यांची साखळी पत्र्याच्या पूर्ण डब्यात बंद असायची. बऱ्याच नव्या गाड्यांची साखळी आता अर्धी उघडी असते, दिसायला हलकी. पावसाळ्यात आमच्याकडचा चिखल तिच्यात भरतो, पाचशे किलोमीटरला धुऊन तेल द्यावं लागतं, नाहीतर ती कुरकुरते आणि सैल पडते. चिखल धुता येतो. कापड ओढलं गेलं तर तेवढी सवड मिळत नाही.

शनिवार-रविवारी आमच्या नाक्यावरून मुंबई-पुण्याच्या मोठमोठ्या गाड्या खांडसकडे, भीमाशंकरच्या वाटेला जातात. त्यांच्या मागच्या सीटवर बहुधा बॅग असते किंवा कोणीच नसतं. तिथे पिकअप बघावा, वळणावर गाडी कशी झुकते ते बघावं, मला काही म्हणायचं नाही. पण आमच्या तालुक्यात मोटारसायकल हीच घरातली गाडी आहे. तिच्यावर बाळंतीण येते, खताची गोणी येते, मेहमान येतात, आजारी म्हातारा दोघांच्या मध्ये बसून येतो. अशा गाडीची परीक्षा शोरूमबाहेरच्या एका चकरीत आणि तीही एकट्या पुरुषाने घेतलेली, हे मला आता पटत नाही. मागे जिला बसायचं तिला सोबत न्यावं. तिला चढ-उतर करू द्यावी, खराब रस्त्यावर पाच किलोमीटर न्यावं आणि नंतर तोंडदेखलं 'हां' न ऐकता नीट विचारावं. शोरूमवाला कुरकुर करेल. करू द्या, पैसे आपले आहेत.

भाच्याची नोकरी बदलापूरला लागली आहे आणि त्याला गाडी घ्यायची आहे. परवा मोबाईलवर फोटो घेऊन आला. मागची सीट पानाच्या टोकाएवढी, साखळी उघडी. मी विचारलं, तुझ्या अम्मीला दाखवली का? तो हसला आणि म्हणाला, मामू, ती कुठे चालवणार आहे? बाजी चहा घेऊन आतून येत होती. तिने कप ठेवला, मोबाईल उचलला, फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "मी पाय कुठे ठेवायचा?"

रविवारी तिघं मिळून कर्जतला जाणार आहोत.