उद्याच्या पेपरातले तीन शब्द

(कॅडेट, इयत्ता बारावी)

ग्रंथालयाच्या दाराजवळ एक तक्ता लावलेला आहे. इंग्रजी पेपरातलं शब्दकोडं जो पूर्ण करून देतो, त्याचं नाव आणि हाउस त्या तारखेपुढे लिहिलं जातं. बक्षीस काही नाही. सत्राच्या शेवटी ज्या हाउसची नावं जास्त, त्याला असेंब्लीत टाळ्या मिळतात, एवढंच. गेल्या पावसाळ्यात त्या तक्त्यावर एका तारखेपुढे माझं नाव लागलं. ते तिथं लागायला नको होतं.

झालं असं की पावसामुळे एक दिवस पेपरची गाडी आलीच नाही आणि दुसऱ्या दिवशी दोन दिवसांचे पेपर एकदम आले. कोड्याचं उत्तर दुसऱ्या दिवशीच्या अंकात छापतात. म्हणजे त्या दुपारी कोडं आणि त्याचं उत्तर एकाच टेबलावर पडलेलं. माझे तीन शब्द अडले होते आणि जेवणाच्या फॉल-इनला पाच मिनिटं होती. मी दुसरा पेपर उलटला, तीन शब्द पाहिले, भरले आणि कागद सरांकडे दिला.

संध्याकाळी प्रेपच्या आधी सातवीतला एक ज्युनियर माझ्याकडे आला. त्याला त्यातला एक सहा अक्षरी शब्द समजून घ्यायचा होता. उत्तर होतं ‘सायलेंट’. ते कसं आलं, हे मला सांगता येईना. मी काहीतरी गुळमुळीत बोललो. तो कागदाकडे बघत उभा राहिला आणि मग स्वतःच म्हणाला, “सर, ‘लिसन’ची सहा अक्षरं इकडची तिकडे केली की हाच शब्द होतो!” मग थँक यू सर म्हणून पळाला. आभार मी मानायला हवे होते. कोडं त्यानं सोडवलं होतं, नाव माझं लागलं होतं.

तेव्हापासून डॉर्ममध्ये हा वाद चालू आहे: कोड्याचं उत्तर शोधून भरणं ही लबाडी आहे का? एक गट म्हणतो, कोडं आपलं, पेन्सिल आपली, यात फसवणार कुणाला? दुसऱ्या गटात माझा एक जवळचा मित्र आहे. तो कोडं सोडवताना डिक्शनरीलाही हात लावत नाही. अडलं की कागद घडी करून ठेवतो आणि पीटीला धावताना विचार करतो. मला त्याचा आदर वाटतो, पण मला त्याचंही पटत नाही.

कारण शोधण्याचे प्रकार सारखे नाहीत. सुट्टीत मी आजीबरोबर मराठी कोडी सोडवतो. मराठीत एका घरात काना-मात्रेसकट एक अख्खं अक्षर बसतं, जोडाक्षर असलं तरी. समजा सूचना आहे ‘सूर्य, तीन अक्षरी’. शब्दकोश उघडला तर भास्कर सापडेल, आदित्य सापडेल, सविता आणि मार्तंडही सापडतील. सगळे तीन अक्षरी. यातला कोणता, हे कोश सांगत नाही. ते ठरतं उभ्या शब्दातून येणाऱ्या अक्षरावरून, आणि तो उभा शब्द आपल्यालाच काढावा लागतो. कोशानं मला चार शब्द दिले, निवड माझ्याकडे राहिली. उत्तराच्या चौकटीत पाहिलं की निवडच उरत नाही. अख्खी सूचना मोबाईलवर टाकून उत्तर मिळवणं हेही तेच.

मॅप रीडिंगच्या तासाला आपण रिसेक्शन शिकतो. जमिनीवरच्या दोन ओळखीच्या खुणा घ्यायच्या, कंपासनं बेअरिंग घ्यायचं, बॅक बेअरिंग काढून नकाशावर रेषा ओढायच्या. जिथं त्या छेदतात तिथं आपण उभे. खात्रीसाठी तिसरी रेषा. आडवे-उभे शब्द अगदी हेच करतात. आता बॅक बेअरिंग कसं काढायचं, हे मी पुस्तकात पाहिलं तर उस्तादांची हरकत नसते. शेजाऱ्याच्या वहीतून सहा आकडी ग्रिड रेफरन्स उतरवला तर मात्र तो बरोबर असूनही मी कुठं उभा आहे हे मला माहीत नसतं. पुढच्या वेळी शेजारी बरोबर नसेल, हे वेगळंच.

माझ्या मित्राला मी एक गोष्ट नेहमी सांगतो. जानेवारी 1942 मध्ये लंडनच्या डेली टेलिग्राफनं एक आव्हान दिलं होतं: आमच्या कचेरीत या आणि 12 मिनिटांच्या आत कोडं सोडवून दाखवा. पाच जणांनी वेळ पाळली, पण त्यातल्या एकाचं स्पेलिंग चुकलं म्हणून तो बाद झाला. पुढे तिथं आलेल्या काही जणांना वॉर ऑफिसकडून बोलावणं आलं आणि ते ब्लेचली पार्कमध्ये जर्मन सांकेतिक संदेश फोडण्याच्या कामाला लागले. त्या खोलीत देखरेख होती. डोक्यात काय आहे तेच तिथं बघायचं होतं. पण ब्लेचलीत पोचल्यावर? तिथं जर्मन पाणबुड्यांवरून हाती लागलेली कोडबुकं वापरत, माहितीच्या कार्डांचे ढीग चाळत, एकमेकांना विचारत. बघून उत्तर काढणं हेच तिथं काम होतं! दोन्ही ठिकाणचे नियम अगदी उलटे, पण आपण कोणत्या नियमात आहोत हे दोन्ही ठिकाणी सगळ्यांना ठाऊक होतं. मी त्या दुपारी एका नियमात काम केलं आणि दुसऱ्या नियमाच्या तक्त्यावर नाव लावलं. माझ्या मते लबाडी ती, पेपर उलटणं नव्हे.

आजीला हे कुणी शिकवलेलं नाही. तिचं कोडं अर्धा वाडा सोडवतो. नदीचं नाव अडलं की ती खिडकीतून शेजारच्या काकूंना विचारते, क्रिकेटपटू अडला की मला. याला कुणी फसवणूक म्हणत नाही. पण एकदा बक्षिसाचं कोडं होतं आणि ते पूर्ण भरूनही तिनं कूपन पाठवलं नाही. म्हणाली, “निम्मे शब्द हिचे, नाव एकटीचं कसं टाकू?” काकू मात्र आठवडाभर चिडल्या होत्या. बक्षीस लागलं असतं तर, म्हणे, वाटून घेतलं असतं.

पालकांना एक विनंती. रविवारच्या फोनवर आम्ही एखादा अडलेला शब्द विचारला, तर तुम्ही बोलता बोलता शोधून लगेच सांगता. प्रेमानंच सांगता. पण पहिलं अक्षर तेवढं सांगा आणि पुढच्या रविवारपर्यंत थांबा.

आणि सरांसाठी एक मुद्दा. चूक माझी आहे, ती तक्त्यावर ढकलत नाही. पण तक्ता फक्त पूर्ण कोडं मोजतो. सव्वीस शब्द स्वतः काढून दोन घरं रिकामी ठेवणाऱ्याचं नाव लागत नाही, आणि तीन शब्द उतरवणाऱ्याचं लागतं. रिकामं घर ठेवून कागद द्यायची आम्हाला लाज वाटते, कारण इथं बिछान्यापासून बुटापर्यंत अर्धवट काहीच चालत नाही. ते योग्यच आहे. पण बूट चमकला नसेल तर दिसतो. उतरवलेला शब्द दिसत नाही.

म्हणून मी ग्रंथपाल सरांना दोन गोष्टी सुचवल्या. अपुऱ्या कोड्यालाही तक्त्यावर जागा द्यावी, आणि नावापुढे एक रकाना वाढवावा: ‘पाहिलेले शब्द’. ज्यानं त्यानं आकडा स्वतः भरायचा, कुणी तपासायचा नाही. काही मित्र म्हणतात, सगळे शून्यच लिहितील. काही लिहितीलही. सरांनी एका सत्रापुरती परवानगी दिली आहे. रकाना मीच आखला आणि मागे जाऊन पावसाळ्यातल्या त्या तारखेपुढे ‘3’ लिहिलं. हाउसचं एक नाव त्यामुळे कमी होणार की नाही, हे हाउस कॅप्टनला अजून विचारलेलं नाही. आज प्रेपनंतर विचारणार आहे.