पियानो घ्यावा, पण पट्टी पाहून!

हौसेला मोल नसते, असे म्हणतात. पण हौस पुरविणाऱ्या वडिलांच्या खिशाला तळ असतो, ही गोष्ट आपण विद्यार्थी सोयीस्करपणे विसरतो. म्हणूनच पियानो शिकू इच्छिणाऱ्या मित्रमैत्रिणींसाठी चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहे.

प्रथम माझीच फजिती सांगतो. अकरावीत असताना हट्ट धरून मी ६१ पट्ट्यांचा की-बोर्ड घेतला. त्यात बासरी होती, व्हायोलिन होते, तबला होता. एक बटण दाबले की सारा वाद्यवृंद दिमतीला हजर! दोन वर्षे मी वाजवीत होतो आणि घरची मंडळी कौतुक करीत होती. पुढे एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत खऱ्या पियानोपुढे बसण्याचा योग आला. पाठ असलेली रचना सुरू केली आणि निम्मे स्वर उमटलेच नाहीत. माझी बोटे पट्ट्यांना नुसती शिवत होती. पियानोला हवे होते बोटांतले बळ. मान खाली घालून रंगमंचावरून उतरलो, तेव्हा कळले की दोन वर्षे मी पियानो शिकलोच नव्हतो.

याचे कारण पियानोच्या जन्मातच आहे. त्यापूर्वीच्या हार्पसिकॉर्डमध्ये तार छेडली जाई. पट्टी हलके दाबा वा जोराने, आवाजात फारसा फरक पडत नसे. इ. स. १७०० च्या सुमारास इटलीतील फ्लॉरेन्स येथे बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने तारेवर हातोडी आपटण्याची योजना केली आणि स्वराचा लहानमोठेपणा वादकाच्या बोटांच्या स्वाधीन केला. 'पियानो' म्हणजे हळू, 'फोर्ते' म्हणजे जोरात. वाद्याचा धर्म असा त्याच्या नावातच सांगितलेला आहे.

खरा पियानो आपल्यासारख्यांच्या आवाक्याबाहेरचा. दोनशेहून अधिक तारा, त्या वरचेवर जुळवून घ्यायच्या, शिवाय आपल्याकडच्या पावसाळी हवेत लाकूड फुगायचे! म्हणून डिजिटल पियानोचा मार्ग उरतो. उदाहरणादाखल रोलँड कंपनीचा २०१९ साली आलेला 'एफपी-१०' घेऊ. त्याला पूर्ण ८८ पट्ट्या आहेत आणि त्या वजनदार आहेत. खर्जाकडे जड, तारसप्तकाकडे हलक्या, अगदी खऱ्या पियानोप्रमाणे. पट्टी किती वेगाने खाली गेली हे आतील यंत्रणा मोजते आणि त्या प्रमाणात स्वर लहानमोठा होतो. एका वेळी ९६ स्वर निनादू शकतात. पेडल दाबून धरल्यावर आधीचे स्वर मध्येच तुटू नयेत, यासाठी ही संख्या महत्त्वाची. हेडफोन लावून रात्रीही रियाज करता येतो, शेजाऱ्यांची झोप मोडत नाही.

दोषही सांगितले पाहिजेत. सोबतचे छोटे पेडल फक्त 'चालू' आणि 'बंद' एवढेच जाणते. स्पीकर खोलीपुरते, सभागृहासाठी वेगळी ध्वनियोजना हवी, आणि तीही हेडफोनच्याच छिद्रातून जोडावी लागते. वजन बारा किलोच्या वर, म्हणजे रोज लोकलमधून नेण्याजोगे नव्हे. आवाज तर पंधराच!

येथेच आपले मन डळमळते. "याहून कमी पैशांत शेकडो आवाज मिळतात की!" मिळतात, पण शेकडो आवाजांनी बोट तयार होत नाही. ज्याला वाद्यवृंदात साथच करायची आहे, त्याने की-बोर्ड खुशाल घ्यावा. ज्याचा ओढा रागसंगीताकडे आहे, त्याने हेही ध्यानात घ्यावे की पियानोवर मींड निघत नाही. परंतु ज्याला पियानोच शिकायचा आहे, त्याने दुकानात गेल्यावर बटणांकडे पाहूच नये. एकच पट्टी आधी हलकेच, मग जोराने, मग भराभर दाबून पाहावी. बोटाला उत्तर मिळाले तर वाद्य चांगले.

आपल्या महाविद्यालयाच्या संगीतकक्षासाठी कधी असे वाद्य घेण्याचा विचार झालाच, तर प्राध्यापकवर्गानेही हीच कसोटी लावावी, अशी नम्र विनंती आहे. स्नेहसंमेलनात चमकणारे वाद्य वर्षातून एक दिवस उपयोगी पडेल. बोटे घडविणारे वाद्य वर्षभर. माझी दोन वर्षे गेली ती गेली. मागून येणाऱ्यांची तरी जाऊ नयेत, एवढीच इच्छा!

— एक विद्यार्थी, तृतीय वर्ष कला