वकील मिळणे हाही हक आहे

रमजानमध्ये घरोघर जकातीचा हिशेब मांडला जातो. जकातीच्या आठ हकदारांत बंधनात अडकलेल्या माणसाची सुटका हीही एक बाब आहे. गुलामगिरी संपली, तेव्हा ही बाब आता किताबातच उरली, असे पुष्कळांना वाटते. आसामच्या गोआलपाडा जिल्ह्यातले मटिया केंद्र आठवले की मला तसे वाटत नाही.

परदेशी ठरवलेली माणसे तिथे ठेवतात. ही शिक्षा नव्हे, रवानगीपर्यंतची सोय, असे सरकार म्हणते. पण पाठवायचे कोणत्या देशात, हेच ठरत नसेल तर सोयीची जन्मठेप होते. तीन वर्षे पूर्ण झालेल्यांना दोन जामीनदारांवर सोडावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले. जामीन प्रत्येकी एक लाखाचा! रोजंदारीवर जगणाऱ्याने तो आणायचा कुठून? २०२० मध्ये करोनाच्या काळात ही अट दोन वर्षे आणि पाच हजारांवर आली. कोणीतरी अर्ज केला, कोणीतरी उभे राहून बाजू मांडली, म्हणून हे घडले.

फौजदारी खटल्यात गुन्हा सरकारने शाबीत करायचा असतो. इथे आपण भारतीय आहोत, हे त्या माणसानेच शाबीत करायचे. १९४६ च्या कायद्यात हेच होते, २०२५ च्या नव्या कायद्यातही तेच आहे. नावाच्या एका अक्षराचा, वयातल्या दोन वर्षांचा फरक महागात पडतो. आमच्या कॉलेजात प्रवेशाच्या वेळी पाहा: दाखल्यावर ‘शेख’, आधारवर ‘शेक’. आसामातल्या अशाच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये निकाल दिला की, संशयाला आधार काय, हे आधी सरकारने दाखवावे. न्यायाधिकरणाने त्या माणसाला २०१२ मध्ये परदेशी ठरवले होते. न्यायालयाने त्याला भारतीय ठरवले, तेव्हा तो हयात नव्हता.

‘घुसखोरांना वकील कशाला?’ असे विचारले जाते. अहो, तो घुसखोर आहे की नाही, हाच तर वाद आहे! आणि परदेशी असला तरी संविधानाचे २१ वे कलम ‘नागरिक’ म्हणत नाही, ‘व्यक्ती’ म्हणते. परदेशी माणसाला परत पाठवण्याचा अधिकार सरकारला जरूर आहे. पण त्याचे म्हणणे ऐकून, कायद्याने.

हे दूरचे दुखणे नाही. जून २०२५ मध्ये मुंबई परिसरात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशात ढकलले गेले. त्यांच्या राज्य सरकारने धावपळ केली, तेव्हा ते परतले. सीमेवर नेण्याआधी एक वकील भेटला असता, तर ही वेळ आली नसती.

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोठडीतल्या कोणालाही मोफत वकील मागता येतो. प्राधिकरणाचे कार्यालय बहुधा जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असते. आपल्या वस्तीत बांधकामावर येणाऱ्या परप्रांतीय मजुरांना इफ्तारीची खजूर देताना तो पत्ताही द्या. वकील मंडळींनी या महिन्यात एक वकालतनामा बिनफीचा घ्यावा. भुकेल्याला घास देण्याइतकेच हे काम निकडीचे आहे.