उतारवयाचें सुख आणि सातबारा

‘साठी बुद्धि नाठी’ ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारिली तो मनुष्य खचित चाळिशीच्या आंतला असला पाहिजे, आणि त्याच्या बापानें तोंवर त्याच्या हातीं कासरा दिला नसला पाहिजे, असा आमचा बहुत दिवसांचा तर्क आहे. आम्ही स्वतः महसूल खात्यांत कारकुनी करून ५८ व्या वर्षीं घरीं आलों, त्यास आतां वर्ष झालें. आमची बुद्धि नाठी झाली किंवा कसें, याचा निवाडा वाचकांनीं हा लेख संपल्यावर करावा. आमचें म्हणणें इतकेंच कीं, उतारवयास जीं दूषणें देण्याची चाल पडली आहे तीं बव्हंशीं आपल्याच हातचीं आहेत. आणि या वयाचें जें खरें सुख, तें शेतकऱ्याच्या घरीं जितकें सांपडतें तितकें नोकरदाराच्या घरीं सांपडत नाहीं. मात्र तें आपोआप उगवत नाहीं. त्याची पेरणी वेळेवर करावी लागते.

सरकारदरबारीं म्हातारपण हप्त्याहप्त्यानें येतें. आमच्यासारख्या कारकुनास तें ५८ व्या वर्षीं येतें, ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यानें ६० व्या वर्षीं येतें, एस. टी. च्या वाहकास तें ६५ व्या वर्षीं मान्य होऊन अर्धें तिकीट मिळतें. आणि २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षें पुरीं केलेल्यांस भाडें मुळींच पडत नाहीं. आमच्या कुटुंबास मार्च २०२३ पासून स्त्री या नात्यानें अर्ध्या तिकिटाची सवलत मिळाली असल्यामुळें, लातुरास जातांना आमचें तेवढें तिकीट पुरें फाडलें जातें, व या गोष्टीचें त्यांस फार समाधान आहे. शास्त्रकारांनींहि साठीची शांति, पंचाहत्तरी, आणि ८१ च्या सुमारास सहस्रचंद्रदर्शन, अशा पायऱ्या घालून ठेविल्या आहेत. परंतु गांवांत म्हातारपण कोणत्या दिवशीं येतें? बांधाच्या तंट्यांतले दोन्ही पक्ष ज्या दिवशीं एखाद्याच्या दाराशीं येऊन ‘तुम्हीच सांगा’ म्हणतात, त्या दिवशीं. ज्यास विचारतात तो ज्येष्ठ, ही आमची व्याख्या. आणि या वयाचें सुख म्हणून जें कांहीं आहे तेंहि या विचारण्यांतच आहे.

हें आम्ही दप्तरांत बसून शिकलों. आपला मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता व त्या अमदानींतले कागद उर्दूंत आहेत. आम्ही नोकरीस लागलों तेव्हां ते वाचूं शकणारी माणसें बहुतेक साठीपलीकडलीं होतीं, उर्दू शाळांतून शिकलेलीं. तरणाताठा पक्षकार आणि त्याचा वकीलहि अशा एखाद्या आजोबांच्या तोंडाकडे पाहत उभा राही. तोच प्रकार नंबरांचा. १९५४-५५ च्या खासरा पत्रकांत एक सर्व्हे नंबर, एकत्रीकरणानंतर दुसराच गट नंबर. दोहोंचा मेळ कागदावर असतो खरा. पण ‘चिंचेखालची पट्टी’ म्हणजे नेमकें कोणतें रान, हें चिंच तुटून वीस वर्षें झाल्यावर म्हाताऱ्यासच ठाऊक असतें.

याचें सर्वांत दारुण प्रत्यंतर ३० सप्टेंबर १९९३ रोजीं आलें. गणपति बोळवून लोक निजले होते, आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं किल्लारीची धरणी हादरली. औसा, निलंगा व उमरगा या तालुक्यांतलीं गांवेंच्या गांवें दगडमातीच्या भिंतींखालीं गेलीं. हजारों माणसें मेलीं. आम्ही तेव्हां पंचविशी ओलांडलेले नवशिके कारकून. पुढें कैक महिने मदतीच्या व वारसांच्या चौकशीचें काम चाललें. एकाच माळवदाखालीं तीन पिढ्या गेलेल्या. मागें उरला तो परगांवीं कामास गेलेला एखादा पुतण्या, किंवा सासरीं असलेली लेक. कोण कोणाचा, कोणाची मुलगी कोठें दिली, भाऊबंद किती, हें सांगणार कोण? पत्र्याच्या शेडपुढें बाजेवर बसलेला एक म्हातारा आम्हांस अजून दिसतो. त्याचें स्वतःचें घर बुजलेलें होतें. तरी तो एकेका घराच्या चार चार पिढ्या उलगडून सांगत होता, आणि आम्ही लिहून घेत होतों. मध्येंच थांबे, डोळे मिटी, आणि ‘न्हाई, ती धाकटी. थोरली उमरग्याला दिली’ अशी आपलीच दुरुस्ती करी. सायंकाळीं त्यास चहा दिला, तो त्यानें घेतला नाहीं. उरलेलीं घरें उद्यां सांगतों, असें म्हणून तो आडवा झाला.

आतां दुसरी हकीकत. साताठ वर्षांमागें एक गृहस्थ श्रावणबाळ योजनेचा अर्ज घेऊन आमच्या मेजाशीं आले. त्या वेळीं तें मानधन दरमहा ६०० रुपये होतें. आज १५०० आहे. वय ६५ च्या पुढें आणि वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आंत, असा त्याचा नियम. आम्ही त्यांस ओळखीत होतों. बारा एकर काळ्या रानाचे ते धनी. ‘हा अर्ज तुम्हांस कसा लागू होईल?’ असें विचारतां त्यांनीं सातबारा पुढें केला. बाराहि एकर बक्षीसपत्रानें दोघां मुलांच्या नांवें चढलेली. यांच्या नांवें एक गुंठासुद्धां नाहीं. मुलें मारीत होतीं काय? नाहीं. उपाशी ठेवीत होतीं काय? तेंहि नाहीं, दोन वेळचें ताट वेळेवर येई. ‘जेवाया मिळतंय साहेब, पर इचारीत कुणी न्हाई,’ एवढेंच ते बोलले. पेरा कशाचा करावा, बैल कां विकले, विहिरीवर मोटार कोणती बसवावी, कशांतहि त्यांस शब्द उरला नव्हता. ते ६०० रुपये त्यांस पोटासाठीं नको होते; आपल्या नांवावर कोठून तरी कांहीं यावें, म्हणून हवे होते. अर्ज नियमांत बसला कीं नाहीं, हें येथें सांगण्याचें प्रयोजन नाहीं.

हें ऐकून कोणी म्हणेल, तर मग मरेपर्यंत कांहींच सोडूं नये. हाहि अन्यायच, आणि आमच्या भागांत तो पहिल्याहून अधिक आढळतो. महाभारतांतल्या ययातीनें आपलें म्हातारपण धाकट्या मुलास देऊन त्याचें तारुण्य मागून घेतलें. आमच्या गांवोगांवीं असा एकेक ययाति बसलेला आहे. बाप ऐंशीचा, मुलगा पन्नाशीचा, आणि त्या मुलास खताच्या पोत्यासाठीं अद्याप बापापुढें हात पसरावा लागतो. सातबाऱ्यावर नांव नाहीं, म्हणून सोसायटींतून त्याच्या नांवें पीककर्ज निघत नाहीं. जें रान आपलें कधीं होईल तें ठाऊक नाहीं, त्या रानांत तो ठिबक घालीत नाहीं, विहिरीचा गाळ काढीत नाहीं, आणि मनांतल्या मनांत बापाच्या वयाचा हिशेब करूं लागतो. ज्या घरांत हा हिशेब सुरू झाला तेथें म्हाताऱ्यास कोणी काय विचारणार?

सबब आमचें मत आम्ही स्पष्ट लिहितों. कासरा साठीच्या आंत सोडावा. जमिनीची वाटणी हातपाय धड आहेत तोंच, मुलांमुलींस समोरासमोर बसवून करावी. २००५ च्या दुरुस्तीनें लेकीहि वडिलोपार्जित जमिनींत बरोबरीच्या वाटेकरी झाल्या आहेत, हें विसरूं नये. जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खालीं संमतीची वाटणी तहसीलदारांपुढें होते. परंतु त्या वाटणींत एक वाटा नवराबायकोचा म्हणून ठेवावा, आणि तो विहिरीच्या अंगाचा ठेवावा, मुरमाड टोंकाचा नव्हे. त्या वाट्यावर बायकोचेंहि नांव घालावें. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेनें लक्ष्मीमुक्तीची हांक दिली होती, व १९९२ सालीं सरकारनें त्याप्रमाणें परिपत्रकहि काढलें. इतक्या वर्षांत आमच्या मेजावर त्या मजकुराचे अर्ज बोटांवर मोजण्याइतके आले. नवरा गेल्यावर वारस म्हणून तिचें नांव लागतें खरें. म्हणजे विधवा झाल्याखेरीज आमच्या घरची बाई धनीण होत नाहीं. याची लाज आम्हां पुरुषांस वाटली पाहिजे, आणि ती आम्हांसहि उशिरांच वाटली.

बक्षीसपत्रच करावयाचें असेल, तर घेणारानें देणाराचें अन्नवस्त्र, निवारा व औषधपाणी जन्मभर पाहावें, ही अट त्या दस्तांत अक्षरशः लिहवून घ्यावी. अशी अट मोडली तर २००७ च्या कायद्याच्या कलम २३ प्रमाणें दस्त रद्द करवितां येतो, आणि तो अर्ज कोठें लांब नव्हे, उपविभागीय अधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणांत चालतो. अट लिहिलेली नसली कीं वाद पडतो. सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर २०२२ मध्यें, अशी अट होती हें दाखविलें पाहिजे, असा निर्णय दिला. जानेवारी २०२५ मध्यें त्याच न्यायालयानें एका मातेस तिची मालमत्ता परत देवविली, तेथें बक्षीसपत्रासोबतचें वचनपत्र कामास आलें. पोटच्या पोरावर विश्वास असतां कागद कशास, असें कित्येकजण विचारतात. बैल गरीब असला तरी आपण दावें बांधतोंच, आणि त्यांत बैलाचा अपमान होत नाहीं.

कासरा सोडल्यावर दिवस कसा घालवावा, ही भीति मात्र पुष्कळांस खाते. महर्षि धोंडो केशव कर्वे यांनीं १९१६ सालीं महिला विद्यापीठ काढलें, तेव्हां ते ५८ वर्षांचे होते. म्हणजे ज्या वयांत आम्हीं हारतुरे घेऊन खुर्ची सोडली तेंच वय. पुढें १९३६ सालीं, ७८ व्या वर्षीं, शाळा नसलेल्या खेड्यांतून प्राथमिक शाळा काढण्याकरितां त्यांनीं निराळें मंडळ स्थापिलें. आम्हांस विद्यापीठ काढावयाचें नाहीं. सकाळीं पारावर चार माणसें फेरफाराची नोटीस घेऊन येतात, ती वाचून समजावून देतों. आमचा दिवस त्यांत जातो.

सोडणें तोंडानें सांगितलें तितकें सोपें नाहीं, हेंहि कबूल केलें पाहिजे. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच मृगांत आमचा व चिरंजिवांचा खटका उडाला. सोयाबीन त्यांस रुंद वरंबा व सरी पद्धतीनें पेरावयाचें होतें. आम्ही नेहमीच्या सपाट पेरणीसाठीं हटून बसलों, दोन दिवस जेवतांना बोललों नाहीं. अखेरीस पेरा त्यांच्याच मनाप्रमाणें झाला. पुढें पाऊस लागून राहिला तेव्हां जास्तीचें पाणी सरींतून निघून गेलें, झाड वरंब्यावर तग धरून उभें राहिलें. शेजारच्या सपाट रानांत मात्र पीक पिवळें पडलें. आम्ही कांहीं बोललों नाहीं. त्याच आठवड्यांत ओढ्याकडच्या कोपऱ्यांत पाणी तुंबलें, आणि चिरंजीव भिजत घरीं येऊन म्हणाले, ‘अण्णा, पाणी कुण्या बांधानं काढावं?’ आमच्या वडिलांनीं १९७२ च्या दुष्काळानंतर खणलेला चर बुजून गेला होता. त्याचें तोंड कोठें हें आम्हांस ठाऊक होतें. छत्री घेऊन गेलों, काठीनें जागा दाखविली, आणि पुढचें काम त्यांनीं केलें. ३५ वर्षें साहेबांच्या सह्या घेतल्या, पण त्या दिवसासारखा मान आम्हांस कोणत्याहि कचेरींत मिळाला नाहीं.

नातवंडांचें निराळेंच. २०२१ पासून पीक पाहणीची नोंद शेतकऱ्यानें स्वतः मोबाईलवर करावयाची झाली. आमची बोटें त्या कांचेवर चालत नाहींत. नात मोबाईल धरते, आम्ही गट नंबर व पिकाचें क्षेत्र सांगतों, ती छायाचित्र काढते आणि ‘आबा, बाजूला व्हा, तुम्हीच येताय फोटूत’ म्हणून दरडावते.

यंदाच्या येळवशीस सर्व मंडळी रानांत होती. कडब्याची कोप चिरंजिवांनीं रचली, पांच पांडवांस चुना त्यांनींच लावला. आम्ही कोपीच्या सांवलींत भज्जी आणि उंडे खाऊन आडवे झालों होतों. आंबिलीचें मडकें घेऊन शेताभोंवतीं फेरी घालण्याचें काम दरवर्षीं आमचें. या वेळीं तें नातवाकडे दिलें. तो निम्म्या वाटेंत थांबला आणि तेथूनच हांक मारून विचारूं लागला, ‘आबा, आपला बांध हितनं पुढं कुठवर हाय?’ आम्ही काठी घेतली आणि उठलों.

एक निवृत्त महसूल कारकून, निलंगा