बचावालाही मुदत हवी

फौजदारी खटला पुढे ढकलला गेला की आपण लगेच वकिलांवर घसरतो. 'तारीख पे तारीख' ही टिंगल आता सर्वतोमुखी झाली आहे. पण साक्षीदार थकवण्यासाठी मागितलेली तारीख आणि कागद वाचण्यासाठी मागितलेली तारीख यांना एकाच काठीने हाकणे आम्हांस मान्य नाही.

मध्य प्रदेशातील खंडव्यात २०१३ साली बालिकेवरील अत्याचार व खुनाच्या खटल्यात आरोपीला ज्या दिवशी सरकारी खर्चाने वकील मिळाला, त्याच दिवशी आरोपनिश्चितीही झाली. पंधरवड्याच्या आत फाशी! २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द करून फेरसुनावणीचा आदेश दिला आणि जन्मठेप वा फाशी संभवणाऱ्या खटल्यांत अशा वकिलाला तयारीसाठी साधारणतः किमान ७ दिवस मिळावेत, असे बजावले. तो आरोपी अखेर २०२४ मध्ये निर्दोष सुटला. आठवडा वाचवण्यापायी अकरा वर्षे गेली. आणि त्या मुलीच्या आईबापांच्या पदरी तरी काय पडले?

उद्या सांगोल्यातील डाळिंबाच्या बागेत राबणाऱ्या एखाद्या मजुरावर असाच आरोप आला, तर? आरोपी कोठडीत असताना अशा गुन्ह्यात आरोपपत्रासाठी पोलिसांना ९० दिवस मिळतात. विधी सेवा समितीने नेमलेल्या वकिलाने मात्र पंचनामे, जबाब, शवविच्छेदनाचा अहवाल यांतील विसंगती एका रात्रीत शोधायची! तो मुदत मागण्यासही कचरतो, कारण वेळकाढूपणाचा शिक्का तयारच असतो. म्हणून आमची मागणी साधी आहे: नेमणुकीच्या आदेशातच न्यायाधीशांनी सात दिवसांनंतरची तारीख घालावी, आणि कागदपत्रांचा संच त्याच दिवशी वकिलाच्या हाती द्यावा.