उंचीची नोंद आणि नात्यातली सोयरीक

सोलापुरात मामाच्या मुलीशी लग्न ठरले तर कोणाला त्यात वावगे वाटत नाही. अनेक मराठा घरांत मामेबहिणीवर आतेभावाचा हक्क मानायची रीत जुनी आहे. पूर्व भागातल्या तेलुगू घरांत आणि अक्कलकोटकडच्या कानडी घरांत थोरल्या बहिणीची मुलगी सख्ख्या मामाला देण्याचीही चाल आहे, तर मुस्लिम समाजात चुलत-मावस भावंडांची लग्ने होतात. इरावती कर्वे यांनी १९५३ सालच्या आपल्या ग्रंथात भारतातल्या नातेव्यवस्थांचा नकाशा मांडला. त्यात उत्तरेची आणि दक्षिणेची रीत महाराष्ट्रात एकमेकींत मिसळलेली दिसते, आणि सोलापूर तर त्या दोन्ही रीती जिथे मिसळतात त्या काठावरच वसलेले आहे. या चालीरीतींवर खटला भरण्याचा माझा हेतू नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की जिथे नात्यातली लग्ने इतकी रुळलेली आहेत, तिथे मुलांच्या उंचीच्या नोंदीला ‘आईवडील एकमेकांचे नात्यातले आहेत का’ हा एक प्रश्न जोडला गेलाच पाहिजे, आणि त्यातून ज्याच्याबद्दल शंका येईल त्या मुलाला संप्रेरकांच्या तपासणीपर्यंत नेणारी सरळ वाट जिल्ह्यातच असली पाहिजे.

हा आग्रह कशासाठी, ते एका जनुकाच्या गोष्टीवरून कळते. मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागात ४४ अमिनो आम्लांचे एक छोटे प्रथिन तयार होते. त्याच्या खालीच असलेल्या पियूषिका ग्रंथीला ते वाढीचे संप्रेरक सोडायला सांगते. १९८२ साली ते ओळखले गेले. पण सांगणारा असून भागत नाही, ऐकणाराही लागतो. पियूषिकेतल्या ठरावीक पेशींच्या आवरणात या प्रथिनाला पकडणारे दुसरे प्रथिन असते, त्याला रिसेप्टर म्हणतात. १९९३ साली प्रयोगशाळेतल्या एका खुज्या उंदराच्या जातीत हाच रिसेप्टर बिघडलेला सापडला. तीन वर्षांनी, १९९६ साली, अमेरिकेतल्या संशोधकांनी माणसातला असा पहिला बिघाड ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये नोंदवला, आणि तो होता नात्यात लग्न झालेल्या एका भारतीय मुस्लिम कुटुंबातल्या मुलांमध्ये. ४२३ अमिनो आम्लांच्या या रिसेप्टरचा मजकूर ७२व्या जागी एका अक्षराच्या फरकाने तुटतो. तिथे ‘थांबा’ असा संकेत येतो आणि पुढचे प्रथिन बनतच नाही. पेशीच्या आवरणात रोवून बसणारा भाग त्या जागेच्या पुढचा असल्याने उरलेला तुकडा काहीच कामाचा नसतो. पुढे सिंध प्रांतातल्या कुटुंबांत आणि श्रीलंकेतल्या तमिळ कुटुंबातही नेमका हाच बदल आढळला. मुंबईतल्या ज्येष्ठ बालसंप्रेरकतज्ज्ञ डॉ. मीना देसाई आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी २००५ साली पश्चिम भारतातल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही तोच होता. दूरदूरच्या या कुटुंबांमधला बदल एकाच पूर्वजाकडून आला असावा, असे जनुकाच्या आजूबाजूच्या खुणा तपासून २००३ साली दाखवले गेले. म्हणजे हा आजार प्रत्येक कुटुंबात नव्याने उपजलेला नाही. आपल्याच रक्तातून तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे.

अशी मुले जन्मतः बहुधा इतरांसारखीच असतात. पहिल्या-दुसऱ्या वर्षानंतर त्यांची वाढ मंदावते, अंगाचे प्रमाण बिघडत नाही, बुद्धी शाबूत राहते, आवाज बारीक राहतो, वयात यायला उशीर होतो आणि उपचार न मिळाल्यास प्रौढपणी उंची चार फुटांच्या आसपास थांबते. इथे रिसेप्टरचे ज्ञान थेट उपचाराला भिडते. हायपोथॅलॅमसचा संदेश कितीही वाढवला तरी उपयोग नाही, कारण तो घेणारेच कोणी नाही. पण वाढीचे संप्रेरक बाहेरून दिले तर ते काम करते, कारण यकृतात आणि हाडांत त्या संप्रेरकाला घेणारा रिसेप्टर ठीक असतो. लॅरॉन सिंड्रोम या दुसऱ्या आजारात नेमके उलटे असते. तिथे वाढीच्या संप्रेरकाचाच रिसेप्टर निकामी असतो, म्हणून इंजेक्शने देऊन काही होत नाही आणि वेगळे औषध लागते. दोन्ही आजारांतली मुले वरवर सारखीच ठेंगणी दिसतात. जैवतंत्रज्ञानाने बनवलेले वाढीचे संप्रेरक १९८५पासून उपलब्ध आहे, पण हाडांच्या टोकांची वाढ बंद होण्याआधी ते सुरू झाले तरच उंची वाढते. म्हणून या आजारात निदानाच्या वर्षाला जेवढे मोल आहे, तेवढे क्वचितच दुसऱ्या कशाला असेल.

यावर पहिला आक्षेप असा येईल की मग नात्यातली लग्नेच थांबवा, तपासण्या कशाला? हिशेब मांडून पाहू. नवरा-बायकोच्या सामाईक आजी-आजोबांपैकी एकाच्या जनुकाच्या जोडीत एक प्रत बिघडलेली असेल, तर सख्ख्या आते-मामे भावंडांच्या लग्नातून होणाऱ्या मुलाला दोन्ही बाजूंनी तीच बिघडलेली प्रत मिळण्याची शक्यता ६४त १ असते. मामा-भाचीच्या लग्नात ती ३२त १ होते. जन्मजात विकारांचा एकूण धोका सख्ख्या आते-मामे भावंडांच्या मुलांत इतरांपेक्षा साधारण दोन-तीन टक्क्यांनी जास्त धरला जातो. म्हणजे बहुसंख्य मुले निरोगीच जन्मतात, आणि आपल्या आजूबाजूची धडधाकट मुले पाहिलेल्या सोलापूरकराला ‘हे पाप आहे’ असे सांगितले तर तो ऐकणार नाही. आणि त्याचे अगदीच चुकते असेही नाही. शिवाय नात्याबाहेर पण जातीतच लग्न केले म्हणजे प्रश्न मिटला, असेही नाही. डेव्हिड राइख आणि हैदराबादचे के. थंगराज यांच्या गटाने २०१७ साली दक्षिण आशियातल्या २६३ समाजगटांची जनुके पाहिली. त्यांपैकी ८१ गट मोजक्या पूर्वजांपासून इतके कडेकोट वाढलेले निघाले की फिनलंडचे लोक आणि युरोपातले ॲश्केनाझी ज्यू, ज्यांची उदाहरणे या बाबतीत नेहमी दिली जातात, तेही मागे पडले. धोका एका धर्माचा किंवा एका पेठेचा नाही. बंदीची भाषा घरांची दारे बंद करते, आणि आपल्याला तर त्याच घरात जाऊन नात्याबद्दल विचारायचे आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची सुमारे ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. विडी वळणाऱ्या आणि यंत्रमागावर राबणाऱ्या घरांत पोषणाचा प्रश्न उभा असताना एका दुर्मिळ जनुकाचे कौतुक कशाला? मला वाटते, पोषणाचा प्रश्न मोठा आहे म्हणूनच हे करायला हवे. जिथे तीनातले एक मूल ठेंगणे असते तिथे संप्रेरकाच्या कमतरतेचे मूल गर्दीत हरवते. त्याला खाऊ दिला जातो, टॉनिक दिले जाते, आणि वर्षे जातात. कुपोषित मूल सहसा वजनातही मागे असते. संप्रेरक कमी असलेले मूल उंचीत मागे पण पोटाशी गुबगुबीत असते. चार वर्षांनंतर, वयात येण्याआधी, वर्षाला चार सेंटिमीटरही उंची वाढत नसेल तर ती खूण गंभीर आहे. हे ओळखायला जनुकशास्त्रज्ञ लागत नाही. एका भिंतीवर पक्की ठोकलेली पट्टी, त्याच मुलाची सहा महिन्यांपूर्वीची नोंद आणि तक्ता लागतो. पाच ते अठरा वर्षांच्या भारतीय मुलांसाठी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे २०१५ सालचे वाढीचे तक्ते आहेत, आणि ते बनवण्यात पुण्याच्या डॉ. वामन व डॉ. अनुराधा खाडिलकर यांचा मोठा वाटा आहे. दुर्मिळ आजार शोधण्यासाठी केलेले हे मोजमाप कुपोषण, थायरॉइडची कमतरता आणि सीलिअ‍ॅकसारखे आतड्याचे विकारही वर आणते. त्यातली थायरॉइडची जन्मजात कमतरता तर दुर्मिळही नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या बहुकेंद्री पाहणीत ती साधारण अकराशे नवजातांमागे एकात आढळली, आणि तिच्यात उंचीबरोबर बुद्धीही जाते.

ठेंगणेपणाला आजार का म्हणायचे, असाही प्रश्न आहे आणि तो टाळू नये. ब्राझीलमधल्या इताबायनिन्या गावात याच रिसेप्टरच्या वेगळ्या बिघाडाची शंभराहून जास्त माणसे आहेत. उपचार न घेताही ती कामधंदा करतात, संसार करतात आणि सामान्य आयुष्य जगतात, असे तिथल्या संशोधकांनी दाखवले आहे. ठेंगण्या माणसाला कमी लेखण्याचा अधिकार विज्ञान कोणालाच देत नाही. पण उपचार नाकारणे आणि उपचाराची वेळ निघून गेल्यावर तो होता हे कळणे, यात फरक आहे. निवड कुटुंबाची असावी आणि ती माहिती हातात असताना केलेली असावी. उलट बाजूने, धडधाकट मुलाला ‘स्थळ चांगले यावे’ म्हणून उंचीची इंजेक्शने टोचणाऱ्यांनाही हीच शिस्त आवरू शकते, कारण कमतरता सिद्ध झाल्याशिवाय संप्रेरक द्यायचे नाही, हा नियम तपासणीमुळेच पाळता येतो. मुलीच्या कुटुंबात ‘दोष’ निघाला तर तिची सोयरीक मोडेल, ही भीती मात्र खरी आहे. म्हणून जनुकीय चाचणी सरसकट नको. आधी आजारी मूल सापडावे, मग त्याच्या आईवडिलांना आणि त्यांनी मागितली तरच भावंडांना चाचणी मिळावी, आणि निकाल त्यांच्याशिवाय कोणाला कळू नये. एकच बिघडलेली प्रत असणारा माणूस आजारी नसतो, हे समुपदेशकाने पहिल्या भेटीत सांगावे.

यातले बरेच काही नव्याने उभारावे लागत नाही. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत जातात, उंची-वजन नोंदवतात. त्या नोंदीत नात्याचा एक रकाना घालता येईल आणि मागच्या वेळच्या उंचीशी तुलना सक्तीची करता येईल. शंका आलेले मूल डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या सिव्हिल रुग्णालयात ठरलेल्या वारी यावे, तिथे हाडांच्या वयाचा एक्स-रे, थायरॉइड आणि वाढीच्या संप्रेरकाची उत्तेजन चाचणी मोफत व्हावी, आणि जनुकाचा नमुना मुंबईच्या केईएमकडे जावा. केईएम हे केंद्राच्या दुर्मिळ आजार धोरणाखालचे उत्कृष्टता केंद्र आहे. २०२१च्या त्या धोरणात सिद्ध झालेल्या वाढ-संप्रेरक कमतरतेचे नाव दुसऱ्या गटात आहे, म्हणजे दीर्घकाळ पण तुलनेने कमी खर्चाच्या उपचाराच्या आजारांत, आणि अशा केंद्रांतल्या रुग्णाला २०२२पासून ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. पण मूल तिथवर पोहोचलेच नाही तर ही तरतूद त्याच्यासाठी नाहीच. अक्कलकोट, बार्शी किंवा सांगोल्यातल्या मजूर बापाला रोजचे इंजेक्शन, त्याला लागणारा थंडावा आणि दर तीन महिन्यांची मुंबईची फेरी झेपत नाही. महिन्याचा साठा सिव्हिलच्या औषधालयातून मिळावा, उंचीची फेरतपासणी सोलापुरातच व्हावी आणि मुंबईला वर्षातून एकदाच जावे लागावे, एवढी व्यवस्था जिल्हा परिषदेचा आरोग्य विभाग आणि वैद्यकीय महाविद्यालयाने मिळून येत्या शालेय वर्षाच्या तपासण्यांपूर्वी ठरवावी, ही माझी मागणी आहे.